अळणी डब्याची चिठ्ठी

"उचला, उचला! रडायला मागनं येळ हाय. आदी झाकणं गोळा करा बगू."

सिद्राम त्याची सायकल भिंतीला टेकवून धावत आला, तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध नुसता उभा होतो. माझी सायकल आडवी पडली होती, मागचं चाक अजून फिरत होतं, आणि तीन डबे उपडे होऊन त्यांतली आमटी गटाराकडे निघाली होती. कामाचा माझा पहिलाच दिवस होता.

"आता काकूंना काय सांगायचं?" मी म्हणालो.

"काकूंना कशाला सांगाय पायजे? काकू काय दवाखान्यात जेवत्यात व्हय?"

त्याने मला मोठ्या दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली नेलं. स्वतःचे बावीस डबे ओळीने मांडले. सांडलेले तिन्ही डबे नळावर विसळून आणले. मग एकेक डबा उघडून कुणातली अर्धी चपाती, कुणातली झाकणभर आमटी, कुणातला चार बोटं भात असं काढत तो माझे डबे भरत गेला. हात इतका हलका होता की ज्याच्यातून काढलं त्यालाही कळू नये. फक्त कडीला पांढरी चिंधी बांधलेल्या चार डब्यांना त्याने हात लावला नाही.

"ही अळणी हायती," तो म्हणाला. "काळजाचं, मूत्रपिंडाचं आजारी. ह्यातलं त्यात न्हाई, त्यातलं ह्यात न्हाई. येवढं एक ध्येनात ठेवा मास्तर. बाकी सगळं चालतंय."

मी मास्तर नव्हतो. मास्तर व्हायला मिरजेला आलो होतो, एवढंच. एका हायस्कुलात मुलाखत होती. समोर पाच माणसं बसलेली, आणि त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचेल का तुमचा?" 'हो' म्हणालो, ते त्यांना ऐकू आलं नाही. बाहेर पडलो, आणि एस.टी.चं तिकीट काढायच्या आधी काहीतरी खावं म्हणून स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत शिरलो. तिथे शेडबाळे खानावळीच्या दारावर पुठ्ठा लटकत होता: 'डबे पोचवण्यास माणूस पाहिजे. लिहिता-वाचता येणारा.'

पद्माकाकू शेडबाळे चौरंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काय शिकलायस?"

"बी.ए."

"कशात?"

"अर्धमागधीत."

हे सांगताना नेहमीप्रमाणे माझी मान खाली गेली. या विषयावर आजवर प्रत्येकजण हसला होता. आमचे अण्णा तर चारचौघांत म्हणायचे, "आता भाकरी कुठल्या भाषेत मागणार आहेस?"

काकू मात्र तांदळाचं सूप खाली ठेवून सावरून बसल्या. "अगं बाई! आमच्या मुनिमहाराजांची भाषा ती. म्हण बघू काहीतरी."

मी आठवतील त्या दोन गाथा पुटपुटलो. काकूंनी हात जोडले. "ऐकू काही आलं नाही, पण पुण्य लागलं. सायकल येते?"

"येते."

"अक्षर?"

मी लिहून दाखवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि मान डोलावली. "दोन वेळचं जेवण, वरच्या माळ्यावर झोपायला जागा, आणि पगार. सिद्राम आहे बारा वर्षांपासून, त्याच्या हाताखाली राहा. आणि चिठ्ठ्या तेवढ्या नीट वाचत जा बाबा. आजाऱ्यांचं काम आहे."

घरी मी कार्ड टाकलं की नोकरी लागली. कशाची ते लिहिलं नाही.

मिरजेत तेव्हाही दवाखानेच दवाखाने. कर्नाटकातून, कोकणातून माणसं आजाऱ्याला घेऊन यायची आणि महिना महिना राहायची. त्यांची जेवणं अशा खानावळींतून जात. आमच्याकडे मोठ्या दवाखान्याचे बावीस डबे होते, ते सिद्रामकडे. लॉज आणि दोन लहान दवाखाने मिळून बारा-तेरा माझ्याकडे. कुणाला तिखट वर्ज्य, कुणाला नुसता मऊ भात, कुणाला अळणी. पूर्वी हे निरोप तोंडी यायचे. त्या वर्षापासून मोठ्या दवाखान्यातल्या भिसे सिस्टरनी ठरवलं होतं की तोंडी काही नाही, प्रत्येक बदलाची चिठ्ठी. लहान दवाखान्यांनीही तेच उचललं. सकाळी सिद्राम रिकामे डबे आणायला जाई, तेव्हा वॉर्डातून त्याच्या हाती त्या चिठ्ठ्या पडत. डबे घासताना ज्याने त्याने आपल्या चिठ्ठ्या वाचायच्या, अळणी असेल त्या डब्याला चिंधी बांधायची, मग चिठ्ठी मोरीच्या भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची. गंगव्वा आचारीण चिंध्या पाहून डबे भरायची. अळणी आमटीचं पातेलं तिच्याकडे वेगळं असे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सिद्राम मोरीत माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि खिशातून दोन चिठ्ठ्या काढून हळूच म्हणाला, "मास्तर, माजा चष्मा घरी ऱ्हायलाय. जरा बगा की काय लिवलंय."

मी वाचून दाखवल्या. दुसऱ्या दिवशीही चष्मा घरी राहिला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

"मामा," मी विचारलं, "तुमच्याकडे चष्मा आहे का?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग राखेच्या हाताने कपाळ खाजवत हसला. "न्हाई."

"मग?"

"मग काय मग! तुमी शिकलेली माणसं लई खोलात जाताय." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "काकूंना ठावं न्हाई. कुणाला सांगू नगासा. वॉर्डातल्या सिस्टरी मला 'अहो सिद्राम' म्हणत्यात. तेवडं ऱ्हाऊ दे."

मी शिकवतो म्हणालो. त्याने ते हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला, भांड्यांच्या आवाजात, मी चिठ्ठ्या वाचायचो आणि तो ऐकायचा. एकदा ऐकलं की संपलं. 'पुरुष वॉर्ड, खाट सात, तिखट नको' हे त्याच्या डोक्यात जे बसायचं ते तो आजारी घरी जाईपर्यंत. बावीस डबे, बावीस तोंडं, कुणाची सून भांडकुदळ, कुणाला ताकाची आवड. माझ्या तेरांत मला रोज दोनदा यादी काढून बघावी लागे.

आणि माझ्यासाठी तो काय करायचा? लहान दवाखान्यात बायकांचा वॉर्ड होता. दारात उभं राहून नाव पुकारायचं, मग नातेवाईक येऊन डबा घेऊन जाणार. माझ्या तोंडून नावच फुटत नसे. पहिले दोन दिवस मी दाराशी डबा धरून उभा राहिलो, कुणी तरी विचारील म्हणून. जेवण गार झालं. हे कळल्यावर सिद्राम स्वतःचे डबे देऊन झाले की वाकडी वाट करून तिकडे यायचा आणि जिन्यातूनच दणका द्यायचा, "कवठेकरीणबाईऽऽ, डबा आलाऽऽ! मास्तरांनी आणलाय, अर्धमागधीतला!" बाया हसायच्या. मीही हसायला शिकलो होतो. ते दोन महिने माझे चांगले गेले, असं मला वाटतं. निदान मी त्या काळात काही पुस्तकं वाचल्याचं आठवत नाही, आणि एरवी माझे वाईट दिवस पुस्तकांत जातात.

पावसाळा संपत आला तशी गर्दी ओसरली. शेतीची कामं निघाली की लोक आजार अंगावर काढतात. डबे पंचवीसवर आले. दसऱ्याला आठ-दहा दिवस असताना दुपारची जेवणं आटोपल्यावर काकूंनी आम्हां दोघांना समोर बसवून घेतलं.

"हे बघा, पंचवीस डब्यांना दोन माणसं नाही परवडत. दसऱ्यानंतर डब्यांवर एकच माणूस ठेवणार आहे. आधी सांगून ठेवते. मागाहून कुणी तोंड वाकडं करायचं नाही."

एवढंच बोलून त्या आत निघून गेल्या. काकूंची बोलायची पद्धतच तशी, निम्मं बोलायचं आणि निम्मं मनात ठेवायचं.

सिद्राम तंबाखू मळत बसला. "मला काय काढत्यात त्या," तो म्हणाला. "बारा वरसं झाली." मग माझ्या तोंडाकडे बघून घाईने म्हणाला, "तुमी कशाला त्वांड पाडताय? शिकल्यालं हाय तुमी. हापिसात, खुर्चीत बसाल. हितं काय जल्म काडायचाय व्हय सायकलीवर?"

तो हे चांगल्या मनाने बोलत होता, त्यात तेव्हाही मला शंका नव्हती. पण माझ्या कानांत ते उलटं शिरलं. मी जाणार हे त्याच्या लेखी ठरलेलं होतं. संध्याकाळी माळ्यावर अण्णांचं कार्ड वाचलं. त्यांनी गावभर सांगितलं होतं की मुलगा मिरजेला नोकरीला आहे. दसऱ्याला ये, लोक विचारतात, असं लिहिलं होतं. मी अंथरुणावर बसून हिशेब मांडला तो असा: याला वाचता येत नाही. मी नसलो तर हा एक दिवस चालणार नाही. आणि तरी हा राहणार, मी जाणार.

त्यानंतर चौथ्या दिवसाची गोष्ट. सकाळी सिद्राम रिकामे डबे घेऊन आला. मोरीत बसता बसता त्याने खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "आज येकच हाय," म्हणाला, आणि डब्यांवर राख टाकायला वळला.

मी वाचली. 'पुरुष वॉर्ड. खाट ११, भोरे. आजपासून संपूर्ण अळणी. — भिसे.'

तेवढ्यात काकू चौकात आल्या आणि तुळशीपाशी उभ्या राहून गंगव्वाशी काहीतरी बोलू लागल्या. त्या समोर असताना आम्ही कधीच चिठ्ठी वाचत नसू. मी उठलो, चिठ्ठी खिळ्याला टोचली आणि माझे डबे पुसायला चौकाच्या पलीकडच्या बाजूला गेलो.

थोड्या वेळाने सिद्रामने मान वर केली. काकू अजून तिथेच होत्या. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. काही आहे का?

मी मान हलवली. नाही.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की 'आत्ता नाही, मग सांगतो' अशा अर्थाने ती मान हलली होती. तसं नव्हतं. त्याला काय कळणार ते मला मान हलवतानाच माहीत होतं. त्याने निश्चिंतपणे चार जुन्या डब्यांना चार चिंध्या बांधल्या. अकरा नंबरच्या डब्याची कडी मोकळीच राहिली.

मी काय योजलं होतं? फार काही नाही. सिस्टर ओरडेल, डबा परत येईल, काकूंना एकदाचं कळेल की याला वाचता येत नाही. आजाऱ्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही. आला असता तर मी थांबलो असतो, की येऊनही तसंच केलं असतं, हे मला आज सांगता येत नाही.

साडेदहाला तो सायकलीवर टांग टाकून निघाला. गल्लीच्या तोंडापर्यंत वीस-पंचवीस पावलं. मी दारात होतो. 'मामा' एवढं म्हणायचं होतं. तो कोपऱ्यावर वळला.

दुपारी परत आला तो खुशीत. "मास्तर, अकरा नंबरचं भोरे तलाठी, देशिंगचं. नुसतं पडून असायचं. आज आमटी भुरकून प्याले की वो! बायकू म्हनाली, लई दिसांनी त्वांडाला चव आली."

मी चपातीचा तुकडा हातात तसाच धरून बसलो. आता सांगायला हवं होतं. पण आता सांगायचं म्हणजे सकाळी का नाही सांगितलं, हेही सांगायचं. संध्याकाळचे डबे भरायला दोन तास होते. ते दोन तास मी माळ्यावर काढले. संध्याकाळीही अकरा नंबरची कडी मोकळीच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास भिसे सिस्टर स्वतः आल्या. गणवेश तसाच, रात्रपाळी करून. दारातूनच त्यांचा आवाज चढला.

"शेडबाळेकाकू, तुम्हांला माणसं मारायची आहेत का? भोरेंना पहाटे धाप लागली. पाय सुजून असे झालेत. ऑक्सिजनवर ठेवलंय. त्यांच्या बायकोला विचारलं तर म्हणते, काल दोन्ही वेळा आमटी खाल्ली, छान होती! छान होती म्हणजे? मीठ होतं त्यात!"

काकूंचा चेहरा पांढरा पडला. "सिस्टर, अळणी असतं तर आम्ही..."

"मी चिठ्ठी दिलीये. काल सकाळी. ह्यांच्या हातात." त्यांनी सिद्रामकडे बोट दाखवलं.

काकू तरातरा मोरीपाशी गेल्या. खिळ्यावरची सगळ्यात वरची चिठ्ठी त्यांनी ओढून काढली आणि चष्म्याजवळ नेली. वाचली. मग सिस्टरना दाखवली.

"माणूस वाचेल," सिस्टर जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, वाचेल. पण हा माणूस मला उद्यापासून वॉर्डात दिसता कामा नये." आणि त्या गेल्या.

सिद्राम उभाच होता. त्याचे दोन्ही हात राखेने भरलेले. तो चिठ्ठीकडे बघत होता, मग माझ्याकडे.

काकूंनी त्याला काही विचारलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, ही चिठ्ठी तू त्याला वाचून दाखवली होतीस का?"

मी दचकलो. माझ्याही आधी सिद्राम दचकला.

"काकू..." तो म्हणाला. "तुमास्नी... ठावं हुतं व्हय?"

"बारा वर्षं आहेस माझ्याकडे. पगाराची सही करताना तुझा हात बघते मी." काकूंनी नजर माझ्यावरून हलवली नाही. "म्हणून तर लिहिता-वाचता येणारा आणला. रोज मोरीत वाचून दाखवतोस, मला दिसतं. काल दाखवली होतीस का?"

गंगव्वाही चुलीपासून उठून दाराशी आली होती. मला आठवतं, मला अजिबात विचार करावा लागला नाही. मुलाखतीत न फुटलेला आवाज तेव्हा स्वच्छ फुटला.

"दाखवली होती," मी म्हणालो.

सिद्रामने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात एखाद्याला ओळखीचा समजून हाक मारावी आणि वळल्यावर तो भलताच निघावा, तसं. मग त्याने मान खाली घातली.

"व्हय," तो काकूंना म्हणाला. "दाखवली हुती मास्तरांनी. माज्याच ध्येनातनं गेलं."

"तुझ्या ध्यानातून?" काकू म्हणाल्या. "बारा वर्षांत कधी गेलं नाही ते?"

"वय झालं, काकू."

तो पंचेचाळीसचा असेल. त्याने नळाखाली हात धुतले, खुंटीवरची टोपी घेतली, काकूंना वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. माझ्या बाजूने जाताना त्याने अंग थोडं चोरून घेतलं. मला त्याचा धक्का लागू नये म्हणून.

त्या दिवशी चाळीस जणांचे डबे मी एकट्याने दोन खेपांत पोचवले, असं मला वाटत होतं. खरं तर ते पंचवीसच होते. मोठ्या दवाखान्यात गेलो तर अकरा नंबरच्या खाटेला पडदा लावलेला. बाहेर भोऱ्यांची बायको बसली होती. तिने माझ्या हातातला डबा घेतला, पांढरी चिंधी चाचपली आणि विचारलं, "ते कुटं गेले, रोजचे? त्यांना सांगा, आमचा काय राग न्हाई. त्यांनी काय मुद्दाम केलं असंल व्हय?"

दुपारी काकू जेवायला बसल्या. मी वाढत होतो. दोन घास खाऊन त्यांनी ताट बाजूला सारलं.

"वाचता न येणं हा काही गुन्हा नव्हे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "दसऱ्यापासून त्याला चुलीवर घेणार होते मी. गंगव्वाला आता उभं राहवत नाही. हाताला चव आहे त्याच्या, कुणाला काय हवं ते तोंडपाठ. डबे तुझ्याकडे, चूल त्याच्याकडे. सगळं मनाशी ठरवलं होतं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "पण सांगून विसरला रे. न सांगता झालं असतं तर गोष्ट वेगळी. सांगितलेलं विसरणाऱ्याला आजाऱ्यांच्या चुलीपाशी कसा उभा करू?"

मी त्यांचं ताट उचललं. मला तेव्हाही बोलता आलं असतं. काकू समोर होत्या, दुसरं कुणी नव्हतं. मी ताट मोरीत नेऊन ठेवलं.

भोरे तलाठी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चालत घरी गेले. तेवढं एक देवाने माझ्यावर घातलं नाही.

मी त्या खानावळीत अडीच वर्षं राहिलो. पुढे एका तालुक्याच्या वाचनालयात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. लोक म्हणतात, ग्रंथपाल फार सज्जन होते, कधी कुणाला चढ्या आवाजात बोलले नाहीत. पण हे सगळं नंतरचं. त्या आश्विनातलं एक अजून सांगायचं राहिलं आहे.

पंधरा-वीस दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, काकू पडल्या होत्या आणि मी चौकात डबे पुसत होतो. मागच्या दाराची कडी वाजली. उघडलं तर सिद्राम. धुतलेला सदरा, हातात घडी घातलेला छापील कागद.

"काकू निजल्यात न्हवं?" त्याने विचारलं.

"हो. उठवू?"

"नगं, नगं. तुमच्याकडंच आलोय." त्याने कागद पुढे केला. "साखर कारखान्याच्या कॅन्टीनात माणूस घेत्यात. मेव्हण्याच्या वळखीचा मुकादम हाय. फारम भरून आण म्हनला. आता मी कुनाला दाखवू? तुमाला येकट्याला ठावं हाय... म्हंजी, काकूंना बी ठावं हाय म्हना. पन काकूंकडं कसं जायचं?"

आम्ही मोरीच्या कट्ट्यावर बसलो. जुन्याच जागी. त्याच्याकडून मागचं काही निघेल म्हणून मी वाट पाहत होतो. त्याने कागद कट्ट्यावर पसरला. मी पेन काढलं. नाव: सिद्राम बसाप्पा कोरे. वय. गाव. मुलं किती. तो सांगत होता, मी लिहीत होतो. अनुभव: खानावळीत डबे पोचवणे, बारा वर्षे. तो गुडघ्यावर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा कागदाकडे बघत होता.

मग पुढचा रकाना आला. मी थांबलो.

"काय इचारलंय?"

"आधीचं काम का सोडलं, ते."

चौकात कावळा येऊन डब्यांवर बसला, तो सिद्रामने हाकलला नाही.

"तितं काय लिवायचं," तो शेवटी म्हणाला, "ते तुमीच जाणा, मास्तर. खरं काय असंल ते लिवा."

मी लिहिलं: 'स्वेच्छेने.'

एका शब्दाला किती वेळ लागतो? पण मी पेन कागदाला न टेकवता मुद्दाम जरा वेळ हलवत राहिलो, रकाना भरतोय असं दिसावं म्हणून.

"काय लिवलंसा?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. "लिहिलंय," मी म्हणालो, "की सिद्राम कोरे यांची त्यात काहीही चूक नव्हती. ज्याने चिठ्ठी वाचून दाखवायची, त्याने ती दाखवली नाही."

सिद्रामने मोठा श्वास सोडला.

"ते मला ठावं हुतं," तो म्हणाला. "पन कागदावर आलं, लई बरं झालं."

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं, मी बोट ठेवलं तिथे जीभ दाताखाली धरून सावकाश सही केली, आणि शाई वाळावी म्हणून माझ्या त्या एका शब्दावर हळूच फुंकर घातली.